नव्वद गुणांची फाइल, दहा गुणांचं तोंड

एलएलबीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी ओळखायचा तर काखेतल्या फाइलवरून. कुणी तिला जर्नल म्हणतं, कुणी सबमिशन, कुणी नुसतंच प्रॅक्टिकल. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनी तिचा हिशेब घालून दिला आहे. अभिरूप न्यायालयाला, म्हणजे मूट कोर्टाला, ३० गुण. एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून पाहायचा, त्याच्या नोंदींना ३०. पक्षकार वकिलाला काय सांगतो आणि त्यातून दावा कसा तयार होऊन दाखल होतो, त्याच्या रोजनिशीला ३०. उरलेले १० तोंडी परीक्षेला. मसुदालेखनाच्या पेपरची तऱ्हाही तीच: दावे-अर्जांचे १५ मसुदे, दस्तांचे १५, प्रत्येकी ३ गुण, झाले ९०, पुढचे १० पुन्हा तोंडीला. विद्यापीठं आपापल्या परीने यात फेरफार करतात, पण मूळ साचा हा.

म्हणजे लिहिण्याला नव्वद आणि बोलण्याला दहा. ज्या धंद्यात जन्मभर उभं राहून बोलायचं, त्याच्या परीक्षेतलं हे प्रमाण जरा गमतीचंच. शिवाय नव्वद गुणांची फाइल उसनी मिळते. मागच्या बॅचच्या कुणाकडून तरी ती येते, रात्रभर बसून उतरवली जाते आणि पुढच्या वर्षी आणखी कुणाकडे जाते. तोंड मात्र प्रत्येकाला स्वतःचंच न्यावं लागतं.

पुण्यात कायदा शिकवण्याची परंपरा जुनी आहे. टिळकांनी कायद्याचा वर्ग चालवला होता. १९२३ मध्ये इंडियन लॉ सोसायटी स्थापन झाली, १९२४ मध्ये तिचं महाविद्यालय उभं राहिलं आणि ज. र. घारपुरे त्याचे पहिले प्राचार्य झाले. ज्या रस्त्यावर ते आहे, त्याचं नावच लॉ कॉलेज रस्ता पडलं. प्र. बा. गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड हे दोन सरन्यायाधीश तिथून शिकून गेले. आज या महाविद्यालयात आणि पुण्यातल्या इतर विधी महाविद्यालयांत नगर रस्त्याच्या पट्ट्यातली पुष्कळ मुलं-मुली येतात. प्रश्न असा की गावाकडून आलेल्या विद्यार्थ्याच्या फाइलमध्ये त्याचं गाव किती असतं? बहुतेक वेळा अजिबात नसतं.

वढू बुद्रुकचंच पाहू. शिरूर तालुक्यातलं, भीमेकाठचं हे गाव. नगर रस्त्याने जाताना कोरेगाव भीमाला आत वळलं की थोड्या अंतरावर. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याला मात्र समाधीखेरीजही इथे बरंच काही सापडेल, आणि सुरुवात अगदी साध्या प्रश्नाने करता येईल: वढूतल्या जमिनीचा दावा कुठे दाखल करायचा? पुणे जवळ, बस पुण्याची, वकील ओळखीचा तोही शिवाजीनगरला बसणारा. तरीही दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १६ सांगतं, की स्थावर मिळकत जिथे आहे तिथलं न्यायालय. गाव शिरूर तालुक्यात, म्हणून वाट उलट्या दिशेने घोडनदीला, शिरूरच्या कोर्टाकडे. गावातल्या तंट्याचा गुन्हा शिक्रापूर पोलीस ठाण्यात नोंदला जातो, पण तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा असेल तर विशेष न्यायालयाकडे जातो. अधिकारक्षेत्र हा विषय पुस्तकात रुक्ष वाटतो. ज्याच्या घरच्यांनी तारखेसाठी पहाटेची गाडी पकडली आहे, त्याला तो पाठ करावा लागत नाही.

दुसरा विषय बांधाचा. शेतात जायचा रस्ता शेजाऱ्याने अडवला, ही तक्रार शिरूर-दौंड पट्ट्यातल्या कुठल्याही तहसील कचेरीत नेहमीची. विद्यार्थी मसुद्याच्या फाइलमध्ये ‘रस्त्यासाठी अर्ज’ म्हणून दीड पान लिहितो आणि तीन गुण घेतो. पण या एका अर्जात दोन वेगळे कायदे गुंतलेले आहेत. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार आधीपासून असलेल्या वाटेतला अडथळा काढायला लावू शकतो. मात्र अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा आणावा लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ ची गोष्ट निराळी. तिथे सर्व्हे नंबरच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, रस्ता मागता येतो, आणि तहसीलदाराच्या निर्णयावर नाराज असलेला माणूस वर्षाच्या आत दिवाणी दावा लावू शकतो. वाट जुनी आहे की नवी मागतोय, कधी अडवली, अर्जात कोणतं कलम टाकलं, यावर सगळं प्रकरण उभं राहतं किंवा आडवं होतं. तोंडी परीक्षेत याच तीन प्रश्नांवर उसनी फाइल उघडी पडते. आपल्या आजोबांच्या बांधाची भांडणं ऐकलेला मुलगा इथे शहरातल्या हुशार विद्यार्थ्याला सहज मागे टाकेल. पण त्याच्या फाइलमधला अर्जदार कुठल्या तरी काल्पनिक ‘अबक’ गावचा असतो.

दस्तांचंही तेच. साठेखत, खरेदीखत, कुलमुखत्यारपत्र, हक्कसोडपत्र हे शब्द त्याने मांडीवर बसून ऐकलेले असतात. रांजणगावची औद्योगिक वसाहत, सणसवाडी आणि कोरेगाव भीमाचे कारखाने आल्यावर रस्त्यालगतच्या जमिनीला भाव आला, गुंठ्यागुंठ्याने प्लॉट पडले आणि १९४७ चा तुकडेबंदी कायदा लोकांच्या तोंडी आला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं, की मुलीचा सहदायाद म्हणून हक्क जन्मानेच आहे, २००५ ची दुरुस्ती झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. या निकालावर ढिगाने प्रबंध झाले असतील. पण निकालानंतर गावात बहिणींनी दिलेल्या हक्कसोडपत्रांचं काय झालं, ती वाढली की घटली, हे कुठल्याही निकालपत्रात सापडणार नाही. ते सापडेल फेरफार नोंदवहीत, गाव नमुना सहामध्ये, पूर्वी ज्यांना तलाठी म्हणत त्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या कचेरीत. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत आणि एका गावाच्या दहा वर्षांच्या नोंदी: शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला याहून मोठी सामग्री लागत नाही.

विषय मोठा निवडणं हा तसा जुनाच रोग. ‘भारतातील महिलांचे हक्क : एक अभ्यास’ किंवा ‘मानवी हक्क आणि न्यायपालिका’ अशा शीर्षकांखाली काहीही बसतं, आणि म्हणूनच बचाव कशाचाच करता येत नाही. पांडुरंग वामन काणे यांचा ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ सुरू झाला तो ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या आवृत्तीला जोडायच्या प्रस्तावनेतून. प्रस्तावना आवरेना म्हणून स्वतंत्र ग्रंथ झाला. पहिला खंड १९३० मध्ये आला, शेवटचा १९६२ मध्ये, आणि पानं साडेसहा हजारांच्या घरात गेली. काण्यांना भारतरत्न मिळालं. विद्यार्थ्याकडे एक सत्र असतं.

एलएलएमचा प्रबंध हा या सगळ्याचा थोरला भाऊ. आधी रूपरेषा, मग मार्गदर्शकाची सही, गृहीतक, प्रकरणं, प्रतिज्ञापत्र, सोनेरी अक्षरांची काळी बांधणी आणि शेवटी मौखिक. यात ग्रंथाधारित संशोधन वरचढ असतं, कारण ते घरबसल्या होतं. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. नीट केलं तर एका निकालाचं वाचनसुद्धा देश हलवतं. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. १६ सप्टेंबर १९७९ रोजी कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. पत्राची ताकद त्यातल्या संतापापेक्षा वाचनात होती. शरण जाणं आणि संमती देणं यांत फरक आहे, आणि निकालाने तो पुसून टाकला आहे, हे त्यांनी निकालातल्याच ओळींवर बोट ठेवून दाखवलं. देशभर आंदोलन उभं राहिलं, १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. मौखिकात परीक्षक जो साधा प्रश्न विचारतात, ‘न्यायालयाने हे कशावरून ठरवलं?’, तोच या चौघांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला विचारला होता.

आजच्या बहुतेक प्रबंधांत निकाल वाचलेला नसतो, त्याचा सारांश वाचलेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी उचलेगिरीची मोजपट्टी ठरवून दिली. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. चाळीसपर्यंत असेल तर सुधारून पुन्हा सादर करायचं. साठपर्यंत वर्षभर बंदी. त्याहून वर गेलं तर नोंदणीच रद्द. कायद्याचा मूळ मजकूर या मोजणीतून वगळलेला आहे, त्यामुळे कलमं उतरवली म्हणून कुणी अडकत नाही. पण टक्केवारीला एक पळवाट कायमची आहे. शब्द फिरवले की साम्य घटतं, विचार मात्र उसनाच राहतो. आता शब्द फिरवायचं काम यंत्र करतं, आणि ते नुसते शब्द फिरवून थांबत नाही. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने ‘माता विरुद्ध अ‍ॅव्हियान्का’ या प्रकरणात वकिलांना पाच हजार डॉलर दंड केला, कारण त्यांनी चॅटजीपीटीकडून घेतलेले निवाडे दाखल केले होते आणि ते निवाडे जगात अस्तित्वातच नव्हते. अनुभवी वकिलांची ही गत, तर शेवटच्या आठवड्यात तळटीपा भरणाऱ्या विद्यार्थ्याचं काय? साम्य तपासणारं यंत्र अशा निवाड्याला शंभर टक्के मूळ म्हणून पास करेल, कारण तो आधी कुणीच लिहिलेला नसतो.

जुन्या फाइलींना दुसरा तडाखा १ जुलै २०२४ ला बसला. त्या दिवशी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले. खुनाचं ३०२ गेलं, १०३ आलं. ज्या आकड्याने मराठी भाषेला एक विशेषणच दिलं होतं, तो ४२० आता ३१८ (४) झाला. पोटगीचं १२५ आता १४४ आहे. उतरवलेल्या जर्नलमध्ये जुने आकडे तसेच राहतात आणि परीक्षकाला पहिल्या पानावरच वास येतो. गंमत अशी, की कोर्टात खरोखर बसून आलेल्या विद्यार्थ्याच्या फाइलमध्येही ३०२ असू शकतं आणि ते बरोबर असतं. गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल तर आरोप जुन्याच संहितेखाली चालतो, आणि असे खटले आणखी कितीतरी वर्षं चालतील. दोन फाइलींत आकडा एकच. ‘तुमच्या खटल्यात जुनं कलम कसं?’ असं विचारल्यावर एकजण गुन्ह्याची तारीख सांगतो आणि दुसरा छताकडे पाहतो.

खटला पाहणं हा या अभ्यासक्रमातला सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात जास्त बनवाबनवीचा भाग. न्यायालयाचं कामकाज खुलं असतं. काही नाजूक प्रकरणं सोडली तर कुणीही मागच्या बाकावर जाऊन बसू शकतं. दिल्लीत मात्र सर्वोच्च न्यायालयात काही दिवशी प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्यांना आत सोडत नसत. जोधपूरच्या विधी विद्यापीठात शिकणारा स्वप्नील त्रिपाठी या नियमाविरुद्ध थेट त्याच न्यायालयात गेला आणि कामकाजाचं प्रक्षेपण करा अशी मागणी केली. २६ सप्टेंबर २०१८ रोजी दीपक मिश्रा, अजय खानविलकर आणि धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने थेट प्रक्षेपणाचं तत्त्व मान्य केलं. यातले खानविलकर जन्माने पुण्याचे, आणि चंद्रचूड घराणं मूळचं शिरूरला लागून असलेल्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं. घटनापीठांचं प्रक्षेपण प्रत्यक्षात २७ सप्टेंबर २०२२ पासून सुरू झालं. एका विद्यार्थ्याच्या अडचणीतून देशाला दिल्लीचं कोर्ट घरात दिसू लागलं.

शिरूरचं किंवा दौंडचं कोर्ट घरात दिसत नाही, ते बरंच आहे. तिथे जावंच लागतं. हल्ली ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सोळा अंकी-अक्षरी क्रमांक टाकला की तारखा आणि हुकूम मिळतात, आणि त्यावरून ‘प्रत्यक्ष निरीक्षण’ बेतता येतं. पण पडद्यावर पुकारा ऐकू येत नाही. साक्षीदाराला शपथ कोण देतं, सरतपास चालू असताना विरुद्ध बाजूचा वकील कशावर उठतो, साक्षीदार मराठीत बोलतो तेव्हा टंकलेखकाला न्यायाधीश काय सांगतात, उलटतपासात साक्षीदाराचा हात कठड्यावर कसा घट्ट होतो, यातलं काहीही संकेतस्थळावर नसतं. मुरलेले परीक्षक कलमं विचारण्यात वेळ घालवत नाहीत. न्यायाधीशांच्या पुढ्यात खाली कोण बसतं, एवढंच विचारतात.

वढूच्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक कामकाज होतं, जे खटल्याच्या चौकटीत बसत नाही. २९ डिसेंबर २०१७ रोजी गावात, संभाजी महाराजांच्या अंत्यविधीशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या गोविंद गोपाळ यांच्यासंबंधीच्या फलकावरून वाद झाला. तीन दिवसांनी, १ जानेवारी २०१८ ला, कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार उसळला. चौकशीसाठी सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती जे. एन. पटेल आणि सुमित मल्लिक यांचा आयोग नेमला, आणि त्याला पुन्हा पुन्हा मुदतवाढ मिळाली. या विषयावर प्रकल्प करायचा म्हटला, की प्रत्येकाला इतिहास सिद्ध करण्याचा मोह होतो. त्या वाटेने गेलेला विद्यार्थी मौखिकात वादात सापडतो आणि कायदा बाजूला राहतो. कायद्याचे प्रश्न वेगळे आहेत, आणि मला विचाराल तर जास्त चुरशीचे. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याने आयोगाला साक्षीदार बोलावण्याचे, शपथेवर तपासण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. मग तो न्यायालय का नव्हे? आयोगापुढे दिलेला जबाब त्या माणसावर नंतर खटल्यात वापरता येतो का? खोटी साक्ष दिल्याचा खटला सोडला तर नाही, असं कलम ६ म्हणतं. आणि आयोगाच्या शिफारशी कुणावर बंधनकारक? कुणावरच नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच सांगितलं, ‘रामकृष्ण दालमिया विरुद्ध न्या. तेंडोलकर’ या निकालात. ज्यांच्या नावाने तो निकाल ओळखला जातो ते तेंडोलकर मुंबई उच्च न्यायालयाचे. ज्या गावात प्रत्येक घराला या प्रकरणावर मत आहे, तिथला विद्यार्थी हे तीन प्रश्न शांतपणे मांडू शकला, तर त्याने वकिलीचा निम्मा अभ्यास केला असं समजायला हरकत नाही.

अशा कामात माणसांची नावं जपायला लागतात. पक्षकाराची मुलाखत रोजनिशीत लिहायची, पण तो कोण हे कळू द्यायचं नाही. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली स्वतःच एक गुन्हा आहे. गावात तर नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. ‘वाड्याशेजारच्या विहिरीचा वाद’ एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं. हे भान शहरातल्या मार्गदर्शकाला असेलच असं नाही.

भाषेची अडचण शेवटी उरतेच. राज्य सरकारने १९९८ मध्ये अधिसूचना काढून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. उच्च न्यायालय इंग्रजीत चालतं, आणि फाइल बहुधा इंग्रजीत लिहिली जाते. विद्यार्थी शिरूरला मराठीत साक्ष ऐकतो, परत येऊन ती मोडक्या इंग्रजीत उतरवतो आणि मौखिकात पुन्हा मराठीत आठवतो. या तीन उड्यांत पुष्कळ काही सांडतं. प्रतिवादीच्या ‘रिटन स्टेटमेंट’ला कोर्टातले लोक कैफियत म्हणतात, घरी कैफियत म्हणजे गाऱ्हाणं. रोजनामा, मनाई हुकूम, दरखास्त, फेरतपास हे शब्द कचेरीत ऐकलेले, पण पुस्तकात इंग्रजीतून भेटतात तेव्हा ओळख पटत नाही. मार्गदर्शकांनी प्रत्येक फाइलच्या मागे दोन पानांची मराठी शब्दसूची सक्तीची केली, तर कोण कोर्टात बसून आला ते दहा गुणांची वाट न पाहताच समजेल.

विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवडे प्रत्यक्ष काम करायचं असतं, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. चार आठवड्यांत एकही दिवाणी दावा संपत नाही. मुद्दे निघतात, साक्षीदार येत नाही, वकील मुदत मागतात, न्यायाधीशांची बदली होते. तरीही महाराष्ट्रभरच्या जर्नलांमध्ये दोन्ही खटले सुबकपणे निकालापर्यंत पोहोचलेले असतात. वादी जिंकतो, आरोपी सुटतो, खाली सही आणि शिक्का. ज्याच्या वहीतला दिवाणी दावा अर्ध्यावर थांबलेला आहे, त्याला परीक्षक विचारतात, ‘पुढे काय झालं?’ घोडनदीच्या कोर्टात बसून आलेली मुलगी पुढची तारीख सांगते, आणि त्या दिवशी आपली परीक्षा नसेल तर जाणार आहे म्हणते.